दौऱ्याचा पैसा कुणासाठी

कुंभार पिंपळगावातून निघालेला माणूस दिल्लीत पोचेपर्यंत त्याच्या खिशात चार प्रकारची तिकिटं जमतात. जालन्यापर्यंत एसटी, स्टेशनपर्यंत रिक्षा, मग सचखंड एक्सप्रेस आणि दिल्लीत उतरल्यावर मेट्रो. माझी सगळी नोकरी अशा तिकिटांच्या हिशेबात गेली. संशोधनाला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या एका संस्थेत मी लेखा विभागात होतो. प्रवास, पाहुणचार आणि परिषदा या तीन हेडची बिलं माझ्या टेबलावरून जात. समितीवरच्या तज्ज्ञांची, प्रकल्प घेतलेल्या प्राध्यापकांची आणि अधूनमधून एखाद्या दूरच्या कॉलेजातल्या पोराची. निवृत्तीनंतर गावी आलो. आता घनसावंगी, अंबड, परतूरकडची पीएच.डी. करणारी मुलं-मुली कागद घेऊन घरी येतात. त्यांच्याशी जे बोलतो तेच इथे लिहितो आहे.

या खर्चाबद्दल लोकांची दोनच मतं कानावर येतात. एक म्हणतो, सगळी उधळपट्टी आहे, बंद करा. दुसरा म्हणतो, एवढ्या मोठ्या कामात चहापाण्याचा हिशेब काय मागता? मला दोन्ही पटत नाहीत. ज्याला पदरमोड करून प्रवास परवडत नाही, त्याच्यासाठी मुळात हा पैसा आहे. आणि नेमका त्याच्यापर्यंतच तो सगळ्यांत शेवटी पोचतो. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि त्याचा मला आजही राग येतो.

१. प्रवास कापला की संशोधन कापलं जातं

आपल्या जालना जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कडधान्यांचं संशोधन केंद्र आहे. बीडीएन ७११ ही पांढरी तूर तिथलीच. असं वाण एका वाफ्यात पाहून शेतकऱ्याच्या हातात देता येत नाही. निरनिराळ्या जमिनींत, कमी-जास्त पावसात, ओळीने काही खरीप त्याच्या चाचण्या घ्याव्या लागतात. मर किती, वांझ रोग किती, शेंगा पोखरणारी अळी कुठे जास्त, हे पाहायला शास्त्रज्ञाला फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना प्रत्यक्ष शेतात उभं राहावं लागतं. त्यासाठीची जीप, डिझेल, मुक्काम, भत्ता हा सगळा दौऱ्याचाच खर्च. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत कृषी विद्यापीठांच्या केंद्रांचा ७५ टक्के भार भारतीय कृषी अनुसंधान परिषद (आयसीएआर) उचलते आणि २५ टक्के राज्य. वर्षातून एकदा देशभरातली केंद्रं आपापले आकडे घेऊन एकत्र बसतात आणि कुठलं वाण पुढच्या चाचणीला न्यायचं, कुठलं वगळायचं ते ठरवतात. काटकसरीचा आदेश आला की पहिली कात्री या हेडला लागते. पगार कापता येत नाहीत आणि यंत्राची ऑर्डर आधीच गेलेली असते, म्हणून प्रवास कापायचा. कागदावर बचत दिसते आणि तुरीचा एक हंगाम न पाहताच निघून जातो.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथल्या जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने २०१० साली लास वेगासला एक परिषद भरवली. खर्च सुमारे ८ लाख २३ हजार डॉलर. २०१२ मध्ये ते उघडकीला आलं, गदारोळ झाला आणि सगळ्याच खात्यांना लागू होणारा आदेश निघाला. १ लाख डॉलरच्या वरच्या परिषदेला वरिष्ठांची मंजुरी आणि ५ लाखांच्या वरच्या परिषदा जवळपास बंद. उधळपट्टी एका खात्याची होती, पण परिषदांना जाणं कमी झालं ते राष्ट्रीय प्रयोगशाळांतल्या शास्त्रज्ञांचं. सरसकट बंदीचा मार जो दोषी नाही त्यालाच जास्त बसतो.

२. नियम वाचा. तो टेबलावरच्या माणसापेक्षा उदार असतो

आमच्याच भागातली एक मुलगी प्रकल्पाच्या सादरीकरणासाठी दिल्लीला येऊन गेली होती. तिचं टीए, म्हणजे प्रवासभत्त्याचं, बिल माझ्याकडे आलं, ते लाल शाईचे तीन शेरे घेऊन. फुलस्केप कागदावर तिने सगळी तिकिटं डिंकाने नीट चिकटवली होती, प्रत्येकाखाली तारीख आणि कुठून कुठे ते निळ्या पेनाने लिहिलेलं. एसटीचं तिकीट मशीनमधून निघालेलं, थर्मल कागदाचं. बिल दोन-तीन टेबलांवर पडून राहिलं तेवढ्यात त्यावरची अक्षरं उडून गेली होती. शेरा होता, 'तिकीट अवाचनीय'. रिक्षाची पावती नाही, हा दुसरा शेरा. जेवणाची बिलं जोडलेली नाहीत, हा तिसरा. एकूण रक्कम त्या दिवशीच्या समितीच्या जेवणाच्या बिलाहून कमी होती.

वित्त मंत्रालयाचा १३ जुलै २०१७ चा आदेश मी काढून समोर ठेवला. सातव्या वेतन आयोगानंतरचे प्रवासभत्त्याचे दर त्यातच आहेत. वेतनाच्या लेव्हल ८ आणि त्याखालच्यांनी मुक्कामाचा आणि शहरातल्या प्रवासाचा खर्च स्वतःच्या सहीने प्रमाणित केला की मर्यादेपर्यंतची रक्कम पावतीशिवाय द्यायची, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. जेवणाचं तर पुढे सगळ्यांसाठीच सोपं केलं. मुख्यालयापासून ६ तासांपर्यंत बाहेर असाल तर ठरलेल्या रकमेच्या ३० टक्के, ६ ते १२ तास असाल तर ७० टक्के आणि १२ तासांच्या वर पूर्ण. बिलं जोडायची गरजच नाही. बाहेरून बोलावलेल्या उमेदवारांनाही आमच्याकडे हेच दर लावत. शेरे खोडले आणि बिल पास झालं.

शेरे मारणारा माणूस वाईट नव्हता. त्याला ऑडिटची भीती होती. मोठ्या साहेबाच्या विमानाच्या बिलावर शेरा मारला तर फोन येतो, पोरीच्या बिलावर मारला तर कुणाचाच येत नाही. आक्षेप नेहमी उताराकडे वाहतात. म्हणून मी मुलांना सांगतो, आदेशाची प्रत बिलाला जोडा आणि ज्या ओळीवर तुमचा हक्क आहे तिच्याखाली रेघ मारा. एसटीच्या तिकिटाची झेरॉक्स त्याच दिवशी काढा, निदान मोबाइलवर फोटो घ्या. विमानाचा बोर्डिंग पास, रेल्वेचा पीएनआर, परिषदेचं हजेरीचं पत्र, सगळं एका पाकिटात ठेवा.

आणि मुदत लक्षात ठेवा. पूर्वी टीएचा दावा वर्षभरात केला तरी चालायचं. मार्च २०१८ च्या आदेशाने ती मुदत प्रवास संपल्यापासून ६० दिवसांवर आली. दावा करणाऱ्याला ६० दिवस. कार्यालयाने किती दिवसांत पैसे द्यायचे, हे मात्र आमच्याकडच्या कुठल्या भिंतीवर लावलेलं मी पाहिलं नाही. विद्यार्थ्याचे पाच-सहा हजार अडकतात तेव्हा ते बहुधा त्याच्या घरचे असतात. ऊसतोडीच्या उचलीतले, नाहीतर कापूस विकून आलेले. त्याच्या बिलाला मोठ्यांच्या बिलाइतकाच वेळ लावणं हा अन्याय आहे.

३. ॲडव्हान्स मागायला लाजू नका

दौऱ्याआधी उचल घेता येते आणि परत आल्यावर १५ दिवसांत हिशेब द्यायचा असतो. खेड्यातून आलेली मुलं ती मागत नाहीत. आपल्याला उधार मागितल्यासारखं वाटतं. ज्येष्ठ प्राध्यापक मात्र कधी विसरत नाहीत.

४. तिकीट महाग होतं ते उशिरा ठरलेल्या तारखेमुळे

बिझनेस क्लासवर सगळे बोलतात. लेव्हल १४ आणि वरच्यांना तो नियमानेच मिळतो, ६ ते १३ पर्यंतच्यांना साधा विमानवर्ग. पण माझ्या टेबलावरून गेलेल्या बिलांत पैसा जास्त गळायचा तो दुसऱ्याच भोकातून. समितीच्या बैठकीची तारीख अध्यक्षांच्या सवडीवर ठरायची. सूचना आठवडाभर आधी निघायची. देशाच्या पाच कोपऱ्यांतून दहा माणसं यायची ती शेवटच्या क्षणीच्या भाड्याने. हीच तारीख महिनाभर आधी ठरली असती तर त्याच माणसांचा, त्याच विमानांचा खर्च कितीतरी कमी झाला असता.

जून २०२२ मध्ये वित्त मंत्रालयाने यावर बोट ठेवलं. एअर इंडियाच हवी ही सक्ती तोवर गेली होती, कंपनीही टाटांकडे गेली होती. नवीन आदेशात बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तिघांकडूनच तिकीट घ्या, प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी काढा, आणि ७२ तासांहून कमी वेळ उरला असताना काढलं किंवा २४ तासांहून कमी वेळ उरला असताना रद्द केलं तर कारण लिहून द्या, असं सांगितलं. उत्तम आदेश आहे. पण तिकीट २१ दिवस आधी काढायचं तर बैठकीची तारीख त्याच्याही आधी ठरायला हवी, आणि ते बंधन प्रवास करणाऱ्यावर टाकून भागत नाही. वर्षाच्या सुरुवातीला बैठकांचं कॅलेंडर छापा. एवढ्या एका गोष्टीने जी बचत होईल ती दहा काटकसरीच्या परिपत्रकांनी होणार नाही.

करोनानंतर बऱ्याच बैठका ऑनलाइन झाल्या. अर्जांची छाननी, हिशेबाची बैठक, वार्षिक अहवाल ऐकणं, हे सगळं पडद्यावर खुशाल करावं. तरुण उमेदवाराची पहिली मुलाखत मात्र त्याला विचारूनच ऑनलाइन घ्यावी. आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, आणि तीन वर्षांच्या प्रकल्पाचा निकाल एका टॉवरवर सोडणं बरोबर नाही. अनुभवी तज्ज्ञाला घरी बसून बोलू द्या आणि वाचलेल्या पैशातून पोराला तिकीट काढून द्या. हा व्यवहार उलटा चाललेला मी फार पाहिला. तज्ज्ञ विमानाने आणि उमेदवार स्वखर्चाने.

५. ४५० रुपयांत दिल्लीत कुठे झोपायचं

२०१७ च्या त्या आदेशात हॉटेलची रोजची मर्यादा लेव्हल १४ व वर ७,५०० रुपये आणि लेव्हल ५ व खाली ४५० रुपये होती. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर, जानेवारी २०२४ पासून, या रकमा चौथ्या हिश्शाने वाढल्या. तरीही खालच्या माणसाला त्यात खोली मिळत नाही. तो ओळखीच्याकडे उतरतो, नाहीतर रात्रीच्या गाडीने येऊन रात्रीच्याच गाडीने परत जातो आणि अर्धवट झोपेतच बैठक करतो. विद्यापीठांची, संशोधन संस्थांची अतिथीगृहं देशभर आहेत. बोलावण्याच्या पत्रासोबतच खोलीचं आरक्षण पाठवलं तर हा प्रश्नच उरत नाही.

सर्वसाधारण वित्तीय नियमांत २१ वा नियम आहे. स्वतःचा पैसा खर्च करताना शहाणा माणूस जितकी काळजी घेतो तितकी सरकारी पैशाबाबत घ्यावी, आणि भत्ता हा मिळकतीचा मार्ग होऊ नये, असा त्याचा आशय. भत्त्यावर कुणी कमावू नये हे सगळ्यांना पाठ असतं. माझं म्हणणं एवढंच की भत्त्यापायी कुणी कर्जातही जाऊ नये.

६. चहा-जेवण द्या, शाली-श्रीफळं थांबवा

पाहुणचाराचा खर्च मी कधी वाईट मानला नाही. सकाळपासून अर्ज वाचणाऱ्या माणसाला दुपारचं जेवण द्यायलाच हवं. जेवणाच्या टेबलावर दोन विद्यापीठांचे लोक भेटतात आणि एकाकडचं पडून असलेलं यंत्र दुसऱ्याच्या कामाला येतं, हे मी पाहिलं आहे. पंचतारांकित हॉटेलात सरकारी परिषदा घ्यायला वित्त मंत्रालयाने २०१४ मध्ये मनाई केली, ती योग्यच होती.

खटकतं ते सत्काराचं. आपल्याकडच्या चर्चासत्रांत उद्घाटनाला व्यासपीठावर दहा-बारा जण. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, मागे वीस फुटी फ्लेक्स, प्रत्येक सहभागीला छापील बॅग. यात सकाळ जाते. मग बीडहून, परभणीहून पहाटे निघून आलेल्या मुलीला तिच्या निबंधासाठी पाच मिनिटं मिळतात आणि तिसऱ्या मिनिटाला चिठ्ठी येते. तिला वेळ मिळाला असता तर सगळं सत्र सार्थकी लागलं असतं. अनुदान देणाऱ्या संस्थांनी मंजुरीच्या पत्रात एक अट घालावी. सत्कार आणि भेटवस्तूंवर आमचा पैसा नाही, जेवणावर आहे.

७. प्रमाणपत्रासाठीच्या परिषदेला जाऊ नका

२०१० च्या यूजीसी नियमावलीत प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय गुण आले आणि परिषदेत निबंध वाचला की गुण मिळू लागले. त्या वर्षांत चर्चासत्रांचं पीक आलं. नॅकच्या फाइलला एक राष्ट्रीय चर्चासत्र, आयएसबीएन घेऊन छापलेलं एक जाड पुस्तक आणि रजिस्ट्रेशन फी भरली की प्रमाणपत्र. नियम २०१८ मध्ये बदलले, सवय उरली. यूजीसीच्या जेआरएफला मानव्य आणि सामाजिक शास्त्रांत पहिली दोन वर्षं कंटिंजन्सी मिळते ती वर्षाला १०,००० रुपये. फी, गाडीभाडं, मुक्काम धरला तर अशा दोन परिषदांत ती संपते. पुस्तकं, झेरॉक्स, क्षेत्रभेटी यांना मग काही उरत नाही. कार्यक्रमपत्रिका मागवा आणि प्रश्नोत्तरांना किती वेळ ठेवला आहे ते बघा. ठेवलाच नसेल तर तुमचे पैसे वाचवा.

खऱ्या परिषदेची किंमत वेगळी असते. १९१४ पासून चालत आलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये नागपूरला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठात झालं. त्या व्यासपीठावर वर्षानुवर्षं काही अशास्त्रीय बोललं गेलं, ढिसाळपणाही झाला, हे मला मान्य आहे. पण गावाकडच्या कॉलेजातला शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जाऊ शकत होता आणि मोठा शास्त्रज्ञ समोर बसून बोलताना ऐकू शकत होता. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने आर्थिक व्यवहारांवर आक्षेप घेत सायन्स काँग्रेस असोसिएशनचं अनुदान थांबवलं. असोसिएशनला आरोप मान्य नव्हते. जानेवारी २०२४ चं अधिवेशन झालंच नाही. कोण बरोबर, ते ऑडिटने आणि न्यायालयाने ठरवावं. हिशेबाच्या वादात परिषदच बंद पडली तर आयआयटीतल्या प्राध्यापकाचं काही अडत नाही, त्याला जगभरातली निमंत्रणं असतात. अडतं ते अंबडच्या, मंठ्याच्या शिक्षकाचं.

८. मार्चमधल्या खर्चाचं मूळ फेब्रुवारीत शोधा

वर्षाच्या शेवटी खर्चाची झुंबड हा आर्थिक शिस्तीचा भंग आहे, असं वित्तीय नियम ६२ सांगतो. शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांच्या वर खर्च नको, अशीही मर्यादा असते. तरी मार्चमध्ये परिषदा होतात, अगदी परीक्षांच्या तोंडावर. कॉलेजांना दोष देण्याआधी त्यांच्या खात्यावर हप्ता कधी पडला ते पाहावं. माझ्या पाहण्यात तो बऱ्याचदा फेब्रुवारीत पडायचा, कारण मागच्या वर्षीचं युटिलायझेशन सर्टिफिकेट वर कुठेतरी तपासणीत अडकलेलं. प्राचार्यांपुढे मग दोनच वाटा राहतात, घाईने खर्च करायचा नाहीतर पैसे परत करायचे. प्रकल्प घेणाऱ्यांना मी सांगतो, यूसी आणि खर्चाचं विवरण एप्रिलमध्येच तयार करा, पोच घ्या आणि दर महिन्याला फाइल कुठल्या टेबलावर आहे ते फोन करून विचारा.

९. आकडा उघड झाला की पुष्कळसं आपोआप सुधारतं

कॅनडात संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थांना, म्हणजे विज्ञान-अभियांत्रिकीच्या आणि सामाजिक शास्त्रांच्या संशोधन मंडळांना, प्रवास, पाहुणचार आणि परिषदा या तीन खर्चांचे वर्षाचे एकूण आकडे जाहीर करावे लागतात. मागच्या वर्षापेक्षा वाढले किंवा घटले तर का, तेही लिहावं लागतं. आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ आहे. सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचे व मंत्र्यांचे दौरे आपणहून जाहीर करावेत, असा २०१२ चा केंद्राचा आदेशही आहे. पण वार्षिक अहवालात हे तीन खर्च एका नजरेत दिसतील असं पान आमच्या संस्थेत कधी निघालं नाही. ते प्रशासकीय खर्चात मिसळलेले असत.

आमच्या गावाकडे हरिनाम सप्ताह झाला की वर्गणी किती आली, आचाऱ्याला किती दिले, मंडपाला किती गेले, हे काल्याच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. ऐकणाऱ्यांत ११ रुपये देणाराही असतो आणि त्यालाही विचारायचा हक्क असतो. त्या वाचनाची आठवण कारभाऱ्यांना वर्षभर असते.

अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ, याचा कायदा ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला. आधीचं विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (सर्ब) त्यात विलीन झालं. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटींचं उद्दिष्ट सांगितलं गेलं. एवढा पैसा येणार असेल तर या तीन खर्चांचा तक्ता पहिल्या वर्षापासून हवा. आणि त्यात एक रकाना जास्तीचा हवा, या प्रवासखर्चातला किती हिस्सा ३५ वर्षांखालच्यांवर गेला आणि किती जिल्हा-तालुक्याच्या कॉलेजांतल्या लोकांवर.

तोवर तरुणांनी स्वतः विचारावं. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये फी लागते. 'आपल्या विभागात किती खर्च झाला' असं मोघम विचारू नका, त्याला मोघमच उत्तर येतं. असं विचारा: अमुक आर्थिक वर्षात बाहेरच्या उमेदवारांची आणि संशोधक विद्यार्थ्यांची किती प्रवास देयकं आली, त्यांतली किती ६० दिवसांच्या वर प्रलंबित राहिली, सर्वांत जुनं प्रलंबित देयक कुठल्या तारखेचं आहे आणि ते आज कुठल्या पदाच्या अधिकाऱ्याकडे आहे. याचं उत्तर ३० दिवसांत देणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे.